फोटोत न आलेला हिवाळा

आमच्या सोसायटीत डिसेंबरच्या सुट्ट्या संपल्या की गच्चीवर चहा असतो. कोण कुठं फिरून आलं ते सांगायचं, मोबाइलवरचे फोटो दाखवायचे. यंदा एक कुटुंब व्हिएतनामला गेलं होतं, एक केरळला. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "अकोला आणि अमरावती." मग शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, कुणी आजारी होतं का म्हणून. माणूस अकोल्याला हौसेनं जाऊच शकत नाही, अशी पुण्याची पक्की समजूत आहे. मला राग आला, आणि जास्त राग याचा आला की बाईंचा अंदाज बरोबर होता.

तेव्हा गच्चीवर मी काहीबाही बोलून वेळ मारून नेली. आता नीट सांगते.

आधी माझा धंदा सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी पुण्यात एमआरआयचं मशीन चालवते. आमच्याकडे गेली काही वर्षं डिप्रेशनच्या माणसांवर संशोधन चालू आहे. हे डिप्रेशन दोन प्रकारचं असतं. एका प्रकारात माणूस नुसता खाली जातो, बरा होतो, पुन्हा खाली जातो. दुसऱ्यात तो आयुष्यात कधीतरी वरही जाऊन आलेला असतो; म्हणजे झोपेशिवाय दिवसच्या दिवस अंगात वारं भरल्यागत हिंडलेला, बोललेला, पैसा वाटलेला, उधळलेला. त्याला बायपोलर म्हणतात. गंमत अशी, की खाली असताना दोघं डिट्टो सारखे दिसतात. भिंतीकडे तोंड, जेवण नको, बोलणं नको. औषध मात्र वेगळं लागतं, आणि एकाचं दुसऱ्याला दिलं तर माणूस सावरण्याऐवजी हेलकावे खायला लागू शकतो. तर मेंदूच्या फोटोवरून हे दोन प्रकार ओळखता येतील का, हे आमचे डॉक्टर शोधतायत. मी माणसाला मशीनमध्ये निजवते, आत त्याला पडद्यावर हसरे, घाबरलेले, रागावलेले चेहरे दाखवते, आणि त्या वेळी मेंदूचा कुठला भाग जागा होतो त्याची चित्रं गोळा करते. त्याआधी एक फॉर्म भरून घ्यावा लागतो. त्यात एक प्रश्न आहे: 'झोप कमी होऊनही थकवा न वाटता उत्साह खूप वाढला आहे, असं काही दिवस सलग कधी झालं होतं का?' हा प्रश्न मी इतक्या जणांना वाचून दाखवलाय की आता झोपेतही म्हणेन.

दिवाळीनंतर प्रज्ञाचा फोन आला. प्रज्ञा म्हणजे माझ्या प्रल्हाददादाची मुलगी, अमरावतीला कॉलेजात शिकवते. दादा माझ्या थोरल्या काकांचा मुलगा, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, गावच्या शाळेत मास्तर होता. दर दोन-तीन वर्षांनी तो असा बसतो, हे आम्हाला ठाऊक होतं. बसतो म्हणजे बसतोच. आमच्याकडे त्याला 'मास्तरचा सीझन' म्हणायचे. अकोल्यात गोळ्या चालू होत्या. पण पावसाळ्यात गोळी वाढवली आणि दादा आठ दिवस घरभर भांडत फिरला, भांडी आपटली, आणि मग जो पडला तो पूर्वीपेक्षा खोल. एक दिवस वहिनीला म्हणाला, मी नसलो तर तुमचं बरं चालेल. तेव्हा प्रज्ञानं त्याला अमरावतीच्या नव्या डॉक्टरबाईंना दाखवलं. त्यांना शंका आली, हा दुसरा प्रकार तर नाही? पण पुरावा नव्हता. हा माणूस तरुणपणी कधी वर गेला होता का, असं त्यांनी विचारलं. वहिनी नाही म्हणाली. प्रज्ञानं मला फोनवर विचारलं, मीही ठामपणे नाही म्हटलं. आमचा दादा म्हणजे शांत माणूस.

मग प्रज्ञा म्हणाली, "आत्या, तू तर हेच काम करते न? फोटो काढून सांग न कोणतं आहे ते." एका फोटोवरून तसं सांगता येत नाही, हे मी तिला समजावलं. तिनं ऐकलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही फार ताणलं नाही. मला जायचं होतं.

अकोला

सकाळी अकोल्याला उतरले आणि पहिल्यांदा कचोरी खाल्ली. सोबत तळलेली हिरवी मिरची. वीस वर्षांपूर्वी अशा चार मिरच्या मी गप्पांत संपवायचे. आता अर्धीतच उचकी लागली. गाडीवाल्यानं पाण्याचा ग्लास पुढं करत विचारलं, बाई पुण्याच्या काय? मी म्हटलं, मी इथलीच आहे हो. तो हसला फक्त. भाजीवालीकडे वहिनीसाठी कोथिंबीर मागितली तर तिथंही तेच. आमच्याकडे तिला सांभार म्हणतात, आणि मी, ह्या मातीत वाढलेली, ते विसरले. प्रवासाच्या पहिल्याच तासात गावानं दोनदा कान धरला.

स्कॅनच्या सेंटरवर दादा बाकावर बसला होता. शेजारी वहिनी, हातात पिशवी, आणि अमरावतीहून आलेली प्रज्ञा. दादाचा स्वेटर खांद्यावरून लोंबत होता. ज्या माणसानं मला सायकल शिकवली, अकोटच्या बाजारात खांद्यावर बसवून मिरवलं, तो माझ्याकडे ओळखीच्या दुकानाच्या पाटीकडं बघावं तसं बघत होता. मी वाकले, त्यानं डोक्यावर हात ठेवला. हाताला वजनच नव्हतं. वहिनीनं मात्र कसर भरून काढली. म्हणाली, लय जाड झाल्या तुमी ताई. पुण्यात हे वाक्य बोलायला माणसं तीन वळणं घेतात.

डॉक्टरबाईंनी स्कॅन सांगितला होता तो गाठ-बिठ काही नाही ना, एवढं बघायला. पण प्रज्ञाचा सगळा जीव त्याच्यात अडकला होता. तिथल्या टेक्निशियन बाईंना मी माझी ओळख सांगितली, त्यांनी मला काचेमागं आपल्या शेजारी खुर्ची दिली. दादाच्या खिशांतून सेफ्टी पिन, नेलकटर, चाव्या आणि खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पुडी निघाली. आत जाताना त्यानं एकच विचारलं, आवाज लय होते काय? मी म्हटलं, जिनिंगएवढा. तरुणपणी अकोटच्या जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, तो एक हंगाम कामाला होता. त्यानं मान हलवली.

आत तो जराही हलला नाही. डिप्रेशनची माणसं मशीनमध्ये फार चांगली असतात. चित्रं स्वच्छ येतात. हे मी कामावर नेहमी कौतुकानं म्हणते. त्या दिवशी मला ते आठवलं आणि माझीच लाज वाटली.

चित्रं पडद्यावर यायला लागली. प्रज्ञा माझ्या मागं उभी. माझ्या दादाचा मेंदू: वयाला साजेसा, नीटनेटका, कुठं गाठ नाही, काही नाही. प्रज्ञा कानाशी पुटपुटली, "कोणतं आहे, आत्या?"

मी तिला बाहेर चहाला नेलं आणि सांगितलं. दोन गावांचा कापूस दोन ढिगांत टाकला तर जाणता माणूस फरक सांगेल. पण एकच बोंड हातात देऊन हे कुठल्या शेतातलं विचारलं, तर कोण सांगणार? आमचं तसंच आहे. पुष्कळ माणसांची चित्रं एकत्र केली की कॉम्प्युटरला दोन गटांत थोडाफार फरक दिसतो. एकट्या माणसाच्या एका फोटोवरून अजून कुणालाच सांगता येत नाही. आणि चेहरे दाखवून काढतात तो स्कॅन इथं झालाही नाही. झाला असता तरी मी सांगू शकले नसते.

"मग तू पुण्यात करते काय इतकी वर्षं?" ती म्हणाली. रागानं नाही, अगदी थकून. मी चहा पीत राहिले.

डॉक्टरबाईंची वेळ तिसऱ्या दिवशीची होती. त्यांनी सांगून ठेवलं होतं, लग्नाआधीपासून ओळखणारं कुणी असेल तर सोबत आणा. काका-काकू नाहीत, माझे आईवडील नाहीत. उरले मी. मधल्या दोन दिवसांसाठी आम्ही गावी गेलो.

गाव

अकोटच्या अलीकडे फाट्यावर एसटीनं उतरवलं. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ, इकडं काळं रान, कापूस फुटून पांढरा, मध्ये तुरीचे तास, म्हणजे ओळी, शेंगांनी वाकलेले. मला वाटलं होतं आपण रडू. पण डोळ्यांत धूळ गेली आणि ते तेवढ्यावरच निभावलं.

आमचा भाग खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारट, त्यात डाळ धड शिजत नाही आणि चहाला एक चव येते, जी बाहेरच्याला सोसत नाही. आता नळाला दुरून गोडं पाणी येतं. मी वहिनीला म्हटलं, मला विहिरीच्या पाण्याचा चहा कर. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की आता हिलाही डॉक्टरकडे न्यावं लागते काय! पण केला. दोन घोट घेतले आणि मी एकदम नववीतली झाले. फाटकी चटई, कंदिलाची काच पुसणारी आई, आणि दादाचा मोठ्यानं धडा वाचण्याचा आवाज. उरलेला चहा काही पिववला नाही.

दुपारी अंगणात जेवायला बसलो. अंबाडीची भाजी, भाकरी, ठेचा. दादा ओसरीवर उन्हात बाजेवर पडला होता, आमच्याकडं पाठ करून. तेवढ्यात नानाजी आले. नानाजी वरच्या आळीचे, पाटलांच्या घरातले, आता ऐंशीला टेकलेले. दादाच्या उशाशी रोज अर्धा तास येऊन बसतात, बोलत काहीच नाहीत. आम्ही बौद्ध, आमची वस्ती ओढ्याच्या खालच्या अंगाला. माझ्या लहानपणी नानाजींच्या घरचं कुणी आमच्याकडं पाणीही प्यायचं नाही. आज त्यांनी वहिनीच्या हातची भाकरी मागून घेतली, आणि ठेचा कमी तिखट झाला म्हणून तक्रार केली.

भाकरी मोडता मोडता ते म्हणाले, आता गावात ज्वारीच कोणी पेरत नाही, हुरडा कुठला खायचा. पण मास्तरनं केला तसा हुरडा पुन्हा झाला नाही.

झालं. मला तेवढंच पाहिजे होतं. प्रज्ञानं ही गोष्ट धड कधी ऐकली नव्हती, आणि मला ती सांगायला फार आवडते. नवऱ्याला सांगितलीय, मुलांना सांगितलीय, ऑफिसातल्या डब्याच्या वेळेला सांगितलीय. वऱ्हाड म्हटलं की मला दुसरं काही आठवतच नाही. मी हात न धुता सुरू झाले.

मी तेव्हा एकोणीसची. अमरावतीला होस्टेलवर. नाताळच्या सुटीत दादा मला न्यायला आला, तो सायकलवर! गावाहून अमरावती, अख्खा दिवस सायकल मारत. आणि घामाघूम व्हायचं सोडून होस्टेलच्या फाटकात उभा राहून वॉचमनला आंबेडकरांच्या सभेच्या, आजोबांनी सांगितलेल्या गोष्टी सांगत होता. येताना सायकल एसटीच्या टपावर टाकली. गाडीत तो दर्यापूरपर्यंत एक मिनिट गप्प बसला नाही. दर्यापूरला उतरलेल्या माणसांना खिडकीतून हाका मारून उरलेली गोष्ट सांगितली.

त्या वर्षी आमच्या शेतात ज्वारी उत्तम आली होती. दादानं हुरडा मांडला. आधी आमच्या वस्तीपुरता. आगटी पेटवायची, कोवळी कणसं गरम राखेत भाजायची, तळहातावर चोळून दाणे पाखडायचे. लसणाची चटणी, गूळ, दही. मग त्याच्या डोक्यात आलं, गाव बोलवायचं. वरच्या आळीत दारोदार गेला. लोकांनी दार अर्धं उघडलं, कुणी उघडलंच नाही. हा दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, तिसऱ्या दिवशी पुन्हा. पहिले नानाजी आले. हुरड्याला काय विटाळ, रानातलंच तर आहे, असं म्हणत. मग त्यांच्यामागून दहा, मग पन्नास. हुरड्यानंतर दादानं रोडगे लावले. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात ते. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. ते आमच्या बायकांनी रांधलेलं अन्न होतं, राखेतलं कणीस नव्हे. आणि शेवटच्या दिवशी अख्खं गाव आमच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, एका पंगतीत बसून जेवलं. माझे वडील लिंबाच्या झाडामागं जाऊन रडत होते, मी बघितलं. दादा वाढत होता, गात होता, गावात वाचनालय काढायचं, रात्रीची शाळा काढायची, धरण बांधायचं बोलत होता. हातातलं घड्याळ काढून त्यानं कुणाच्या तरी पोराला देऊन टाकलं. मला वाटलं होतं, जग आता असंच बदलत जाणार.

"पंधरा दिवस," मी म्हटलं. "पंधरा दिवस चालला तो हुरडा."

प्रज्ञा हसत होती. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा. तिनं सहज विचारलं, "मग बाबा झोपायचे कधी?"

"झोपतो कुठं! तो म्हणायचा, झोप म्हशींसाठी असते. पंधरा दिवस त्यानं..."

आणि मी थांबले. फॉर्मवरचा प्रश्न माझ्या स्वतःच्या आवाजात मला ऐकू आला. शब्द आणि शब्द, स्वल्पविराम धरून.

प्रज्ञाचंही हसू गेलं. पोरगी हुशार आहे. तिनं विचारलं, नंतर काय झालं? मी म्हटलं, नंतर त्याला कावीळ झाली. होळीपासून पार पोळ्यापर्यंत अंथरुणाला खिळला होता, त्यामुळं लग्नही एक वर्ष पुढं गेलं.

"कावीळ कायची," नानाजी म्हणाले. "डोये पांढरेफटक होते त्याचे. तुह्या काकानं कावीळ सांगतली, गावानं कावीळ मानली. पोराचं लगन व्हायचं होतं."

आमच्याकडं माणूस दिलदार असला की त्याचं सगळं माफ. चार लोकांना बोलावलं, पोटभर वाढलं, खिशातलं दिलं, तर त्याच्यात काही बिघडलंय असं कुणाच्या बापाच्या मनात येत नाही. उलट नाव निघतं. आणि पडून राहिला तर त्याला कावीळ. अख्ख्या गावानं मिळून दोन्ही गोष्टी झाकल्या. एक कौतुकानं आणि एक मायेनं. त्यातली कौतुकाची बाजू मी सगळ्यात जोरात सांगत हिंडले होते.

वहिनी उठली. चुलीपाशी गेली, विझलेल्या चुलीतच फुंकर घालत बसली. मग आमच्याकडं न बघता म्हणाली, "सत्तावीस वर्सं झाले लग्नाले. मले एक शब्द नाई सांगतला कोनं." नानाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

ऊन उतरल्यावर मी दादाजवळ गेले. त्यानं सगळं ऐकलं होतं. बाजेच्या सुताकडं बघत तो म्हणाला, "म्हंजे तेबी बिमारीच होती काय, मंदे?"

पुण्यात हे सांगायला आमच्याकडं माणसं आहेत, शिकलेली. मी फक्त मशीन चालवते.

"या सगळ्या वर्सांत मी जवाबी पडलो तवा तेच आठवो. का आपुन एकदा ते केलं होतं. तेबी आजारात टाकलं त माहं काय राह्यलं?" मग म्हणाला, "डॉक्टरले नको सांगू. तेवढं राहू दे मले."

काय सांगू, मला हो म्हणावंसं वाटलं. त्याच्यासाठी तर वाटलंच, पण माझ्यासाठीही वाटलं. तो हिवाळा माझाही होता. मी काही कबूल केलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्याच्या पायावर शाल ओढली आणि उठले. पण न सांगितलं तर तीच गोळी चालू राहणार, आणि पुढच्या वेळी वहिनीला तो जे बोलला ते नुसतं बोलण्यावर थांबेल याची हमी कोण देणार? दुसरा अख्खा दिवस मी घरात उगाच भांडी लावत फिरले.

अमरावती

सकाळच्या एसटीनं निघालो. वहिनी आली नाही. घर कोण बघणार म्हणाली, पण तिचा राग अजून उतरला नव्हता, आणि तो तिचा हक्क होता. दर्यापूरच्या पुढं गाडी पंक्चर झाली. कंडक्टरनं सगळ्यांना उतरवलं आणि जणू आपण सहलच काढलीय अशा थाटात तुरीच्या धुऱ्यावर ऐसपैस बसला. दादा उभा होता. थोड्या वेळानं त्यानं हात पुढं करून तुरीची हिरवी शेंग तोडली, सोलली, दाणे तोंडात टाकले. मग दुसरी. प्रज्ञानं माझा हात दाबला. मी तिला खुणेनं म्हटलं, बघू नको, बघितलं तर थांबेल.

अमरावतीत वेळ होता म्हणून गिला वडा खाल्ला, दह्यात भिजलेला, वर तिखट चटणी. माझ्या होस्टेलच्या जागी आता मोठी इमारत आहे, फाटकही दुसरीकडे गेलंय. मी उगाच दहा मिनिटं तिथं उभी राहिले. पुण्यात जुनी जागा गेली की लोक हळहळतात, लेख लिहितात. इथं पानवाल्याला विचारलं तर म्हणाला, पाडलं वो, जुनं झाल्तं.

दादाच्या औषधाचं काय झालं ते इथंच सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. औषध बदललं. मनाचा तोल धरणारं एक सुरू केलं, जुनी गोळी हळूहळू कमी करतायत. कालच प्रज्ञाचा फोन होता. दोन वेळा जेवतो, नानाजींशी चार शब्द बोलतो. गुण आलाय म्हणायला डॉक्टरबाई अजून तयार नाहीत. वहिनी पुन्हा त्याच्यावर ओरडायला लागलीय, हे मला जास्त भरवशाचं वाटतं.

तर त्या दिवशी. डॉक्टरबाई पन्नाशीच्या, बारीक, शांत. स्कॅनचा रिपोर्ट वाचून म्हणाल्या, छान आहे, काळजीचं काही नाही. पण आपल्याला हवं ते यात नसतं. मी म्हटलं, माहीत आहे. मग त्यांनी मला तो प्रश्न विचारला. शब्द थोडे वेगळे होते, प्रश्न तोच. आयुष्यात पहिल्यांदा मी टेबलाच्या ह्या बाजूला होते.

मी दादाकडं पाहिलं नाही. त्याच्याकडं बघितलं असतं तर माझ्यानं झालं नसतं. "एका हिवाळ्यात," मी सुरू केलं, "आमच्या शेतात हुरडा होता. पंधरा दिवस..."

"बावीस," दादा म्हणाला.

त्यानं हात जरासा वर केला, वर्गात पोरांना थांबवायचा तसा. आणि तो बोलायला लागला. हळू, शब्दांमध्ये अंतर ठेवून, पण सलग. सायकल सांगितली. झोप सांगितली, पहिल्या आठवड्यात दोन तास, मग तेवढीही नाही. घड्याळ कुणाला दिलं त्या पोराचं नाव सांगितलं. डॉक्टरबाई लिहीत होत्या. मग त्यानं ते सांगितलं जे माझ्या गोष्टीत कधीच नव्हतं.

"शेवटचे चार दिवस मले भेव वाटे. थांबाव वाटे, थांबता येत नोतं. डोक्यात मानसंच मानसं बोलत. कोनाले सांगू? हे समदे हसून राह्यले होते." त्यानं माझ्याकडं बोट केलं, तक्रार म्हणून नाही, नुसतं दाखवायला. "म्हून मीबी हसो."

मला त्या पंगतीतला दादा दिसला, हातात वरणाची बादली घेतलेला, हसणारा. इतकी वर्षं मी त्याच हसण्याची गोष्ट सांगत आले होते. मी रडले, डॉक्टरांसमोर, सरळ रडले. प्रज्ञानं रुमाल दिला.

डॉक्टरबाईंनी लिहिणं संपवलं आणि पेनाचं टोपण लावायला घेतलं. दादा कागदाकडं बघत होता.

"लिवा बाई तुमी, बिमारी म्हून लिवा," तो म्हणाला. "पन हेबी लिवा, का त्या दिवशी गाव जेवलं. एका पंगतीत."

बाईंनी त्याच्याकडं पाहिलं. टोपण पुन्हा काढलं. सगळी फाइल इंग्रजीत होती; तिच्या खाली त्यांनी मराठीत एक ओळ लिहिली आणि फाइल फिरवून त्याच्यापुढं ठेवली. दादानं चष्मा लावला. बोट ठेवून, मास्तर पोराची वही तपासतो तसं वाचलं.

"सगळं," तो म्हणाला. "सगळं गाव."

बाईंनी फाइल पुन्हा आपल्याकडं घेतली, आणि 'गाव'च्या आधी 'सगळं' लिहिलं.